‘एक होता कावळा’ आणि इंग्रजीचा तास

‘आय हॅड गॉन टू माय मामाज व्हिलेज इन दिवाळी.’

दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीत दहा ओळी लिहून घेतल्या की निम्म्याहून जास्त वह्यांत हे वाक्य असतंच. गाव बदलतं, मामाच्या जागी कधी आत्या येते, ‘हॅड गॉन’ मात्र ठाम. मी वीसेक वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. सुरुवातीची बरीच वर्षं मी लाल पेनने ‘हॅड गॉन’ खोडायचो, वर ‘वेन्ट’ लिहायचो आणि समासात ‘टेन्स!’ असा शेरा मारायचो. मुलं निमूट दुरुस्ती उतरवून काढायची. पुढच्या दिवाळीत पुन्हा तेच.

ही चूक येते कुठून, ते मला इंग्रजीच्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. सापडलं स्टाफरूममध्ये. शेजारी बसलेले गणिताचे सर चहा घेताघेता म्हणाले, “काल तालुक्याला गेलो होतो.” बस्स. गेलो होतो. मराठीत हे रोजचं वाक्य आहे. त्यात अमुक आधी घडलं आणि तमुक नंतर, असं काही नसतं. जाऊन आलो, एवढंच. उलट नुसतं “काल तालुक्याला गेलो” म्हटलं तर ऐकणारा ‘बरं, मग?’ म्हणून पुढच्या वाक्याची वाट बघतो. पण शाळेतल्या काळांच्या तक्त्यात ‘गेलो होतो’ म्हणजे पूर्ण भूतकाळ, आणि पूर्ण भूतकाळ म्हणजे पास्ट परफेक्ट, जो इंग्रजीत भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या आधी घडलेलं सांगायला लागतो. मामाच्या गावाला गेलेली मुलगी तक्त्याबरहुकूम चालली होती. चूक तक्त्यात होती आणि तक्ता फळ्यावर मीच काढला होता.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं होत गेलंय. मराठी शाळेतल्या इंग्रजीच्या तासाला मराठीला समोरच्या दाराने आत घ्यावं आणि तिच्याकडून व्याकरणाचं काम करून घ्यावं. आज ती मागच्या दाराने येतेच. शिक्षक धडा मराठीत सांगतो, प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून देतो आणि केंद्रप्रमुख आले की घाईघाईने ‘ओपन युवर बुक्स’ सुरू करतो. म्हणजे मराठी वापरली जाते ती इंग्रजी टाळण्यासाठी. समजावण्यासाठी तिचा उपयोग जवळजवळ कुणी करत नाही.

जून 2000पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. त्याआधी मराठी शाळेतल्या मुलाची आणि इंग्रजीची पहिली भेट पाचवीत व्हायची. तेव्हा झालेला वाद अनेकांना आठवत असेल: मराठी मरेल, एक बाजू म्हणायची, विरोध म्हणजे बहुजनांच्या मुलांना इंग्रजी नाकारण्याचा डाव आहे, दुसरी म्हणायची. पंचवीस वर्षांनंतर मला त्या वादातलं एक न बोललेलं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. इंग्रजी केव्हापासून, यावर रान उठलं. कसं, यावर शिक्षकाशी कुणी बोललं नाही. मुलांना वाचता-लिहिता किती येतं ते तपासणाऱ्या ‘असर’च्या 2022च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या 24.5 टक्के मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली. 2016 साली हा आकडा 24.7 होता. आठवीतही तो निम्म्यावर पोचत नाही, 46.7 वर थांबतो. हे देशाचे आकडे आहेत आणि वाचनाचे आहेत. बोलणं-लिहिणं त्याहून पुढची गोष्ट.

प्रशिक्षणात गेलं की आम्हाला सांगतात, ‘इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, व्याकरणाचे नियम सांगू नका, मूल आईकडून भाषा शिकतं तशी ती येऊ द्या.’ ऐकायला छान आहे. मूल आईजवळ दिवसाचे बारा तास असतं आणि आई एकट्या त्याच्याशी बोलत असते. माझ्या वर्गात पन्नासच्या आसपास मुलं, तासिका पस्तीस मिनिटांची, त्यातली पाच हजेरीत आणि दोन ‘सर, पाणी पिऊन येऊ?’मध्ये जातात. सांगणारे सुलभक स्वतः हे सगळं अस्खलित मराठीत सांगत होते, हेही नमूद करायला हवं.

दुसरीकडे गल्लीतला क्लास. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी.’ तिथे बारा काळांचा रंगीत तक्ता विकत मिळतो आणि मुलं पाढे म्हणावेत तशी ‘एस प्लस व्ही वन प्लस ओ’ म्हणतात. सूत्र पाठ, वाक्य एक नाही. आणि या दोघांच्या डोक्यावर परीक्षा बसलेली. प्रश्नपत्रिकेचं नाव कृतिपत्रिका झालं, बरेच प्रश्न खरोखर सुधारले, पण ‘डू ॲज डायरेक्टेड’ची सवय सुटत नाही. वाक्य द्यायचं, ते उलटं करायला सांगायचं. का उलटं करायचं, कोण कुणाशी कधी असं बोलतं, हा प्रश्न नाही.

व्याकरण शिकवावं की नाही, हा वाद जुना आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच देशात झाला. 1979 ते 1984 या काळात भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या काही शाळांत व्याकरणाचा अभ्यासक्रमच बाजूला ठेवला. मुलांना नकाशे दिले, रेल्वेचं वेळापत्रक दिलं, कोडी सोडवायला लावली. लक्ष अर्थाकडे असलं की रचना आपोआप मनात उतरते, असा विचार त्यामागे होता. बंगलोर प्रकल्प म्हणून तो जगभर गाजला. त्याचं मूल्यमापन 1985 साली प्रसिद्ध झालं. प्रकल्पातली मुलं कामावर आधारलेल्या चाचण्यांत पुढे होती आणि नेहमीच्या वर्गांतली मुलं रचनेच्या चाचणीत. ज्याला जे शिकवलं ते त्याला आलं! पण प्रभूंनीच पुढे मांडलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: सर्वांत चांगली अशी एक पद्धत नसतेच, शिक्षकाला स्वतःला आतून काय पटलंय, त्यावर तास जिवंत होतो. प्रशिक्षणात मात्र दर चार-पाच वर्षांनी नवी पद्धत येते आणि शिक्षकाला काय पटलंय हे विचारायचं राहून जातं.

मला पटलंय ते सांगतो. ‘अ’ आणि ‘द’ घ्या. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे मुलं एक तर ती गाळतात किंवा मिठासारखी भुरभुरवतात. मी पूर्वी सांगायचो, ‘अ’ म्हणजे अनिश्चित, ‘द’ म्हणजे निश्चित. हे वाक्य खरं आहे आणि पूर्णपणे निरुपयोगी आहे. आता मी पुस्तक मिटायला लावतो आणि विचारतो, लहानपणी आजी गोष्ट कशी सुरू करायची? आठवीतली मुलं आधी लाजतात, मग कुणीतरी म्हणतं, “एक होता कावळा, एक होती चिमणी.” पुढे? “कावळ्याचं घर होतं शेणाचं, चिमणीचं घर होतं मेणाचं.” मी थांबवतो. “दुसऱ्या वाक्यात ‘एका कावळ्याचं घर’ असं का नाही म्हटलं?”

वर्ग गप्प. मग कुणीतरी सांगतं, “सर, तो कावळा आता माहीत झालाय ना.”

झालं. ‘अ’ची आणि ‘द’ची अर्धी कथा त्या मुलाने सांगून टाकली. ‘देअर वॉज अ क्रो’ आणि मग ‘द क्रोज हाउस’. मराठीला हा फरक कळतो. ती फक्त त्यासाठी दरवेळी वेगळा शब्द खर्च करत नाही. गोष्ट अजून पुढे नेता येते. पाऊस येतो, घर वाहून जातं, कावळा म्हणतो, “चिमणीताई, दार उघड.” ‘ओपन द डोअर’. आता हे दार तर गोष्टीत पहिल्यांदाच आलं, मग ‘अ डोअर’ का नाही? कारण कावळा ज्या दारापुढे भिजतोय ते एकच आहे, दोघांनाही ठाऊक आहे. गेल्या वर्षी या टप्प्यावर एका मुलीने विचारलं, “सर, मग सूर्याला ‘द’ का? त्याची ओळख कुणी करून दिली?” मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “चिमणीच्या दारासारखाच तो. एकच आहे की.” माझ्या नोकरीतली जी थोडी मिनिटं मला लख्ख आठवतात त्यांतलं हे एक.

या सगळ्यात मराठी किती वेळ बोलली? सात-आठ मिनिटं. उरलेल्या वेळात मुलांनी तीच गोष्ट इंग्रजीत लिहिली, चुकत, एकमेकांचं बघत. ‘शेणाचं घर’ला काय म्हणायचं यावर बराच हशा झाला. पण ‘अ’ आणि ‘द’ त्यांनी विचार करून टाकले.

नकारार्थी वाक्याचंही असंच. ‘आय डिडन्ट वेन्ट’ ही चूक आळसातून येत नाही. मराठीत ‘गेलो नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेलो’मध्येच राहतो, ‘नाही’ जसंच्या तसं उभं असतं. इंग्रजीत भूतकाळाची पिशवी ‘डिड’ उचलतो, मग ‘गो’चे हात मोकळे. पिशवी एकच आहे, दोघांनी कशाला धरायची? हे एकदा फळ्यावर दोन माणसं आणि एक पिशवी काढून दाखवलं की पुढे नुसतं “पिशवी!” म्हटलं तरी मूल स्वतःच खोडतं. आणि ‘ही गो’ लिहिणाऱ्या मुलाला मी त्याचीच भाषा दाखवतो: जातो, जातोस, जातात. आपण ‘तू’ला ‘स’ लावतो, ते ‘तो’ला लावतात. एवढे सगळे प्रत्यय रोज न चुकता लावणाऱ्या पोराला एका ‘एस’ची भीती कसली?

सगळ्यात मोठा घोळ मात्र मराठीच्या अर्धवट वापराने झालाय आणि तो मान्य केला पाहिजे, नाहीतर माझ्या म्हणण्याला काही अर्थ नाही. ॲक्टिव्ह-पॅसिव्ह शिकवताना जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, ‘पॅसिव्ह म्हणजे कर्मणी प्रयोग.’ आता मराठीच्या तासाला त्याच मुलांना कर्मणीचं उदाहरण काय दिलेलं असतं? ‘रामाने आंबा खाल्ला.’ क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. म्हणून कर्मणी. पण याचं इंग्रजी ‘रामा एट अ मँगो’, म्हणजे चोख ॲक्टिव्ह! दहा वाजताच्या तासाला जे कर्मणी, ते अकरा वाजताच्या तासाला नाही. मुलाने विचारायचं कुणाला? दोन्ही शिक्षक आपापल्या जागी बरोबर आहेत. मराठीतला प्रयोग क्रियापद कुणाच्या मागे जातं ते बघतो. इंग्रजीतला व्हॉइस वाक्याच्या पहिल्या खुर्चीवर कोण बसलंय ते बघतो. ‘रावण रामाकडून मारला गेला’ हा प्रकार खरा पॅसिव्हच्या जवळचा. त्याला आपल्या व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ म्हणतात, आणि हे ‘नवीन’ आलं ते इंग्रजीच्या वळणावरूनच.

इथे थोडं विषयांतर. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा त्यांच्यासमोर लिंडले मरेचं इंग्रजी व्याकरण होतं. संस्कृत परंपरेत ‘निरुक्त’ लिहिणाऱ्या यास्काने शब्दांचे चार वर्ग सांगितले होते: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. आपण शाळेत घोकलेल्या शब्दांच्या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने आल्या. म्हणजे मराठी मूल इंग्रजीच्या व्याकरणाला भेटतं ते पहिल्यांदा नव्हेच. मराठीच्या तासाला त्याचा अर्धा सांगाडा त्याच्या हातात दिलेला असतो. असं असताना इंग्रजीच्या तासाला ‘मराठी विसरा’ म्हणण्यात काय शहाणपण आहे, मला कळत नाही.

रेन आणि मार्टिनचं नाव घेतल्याशिवाय हा विषय निघत नाही. आमच्या पिढीच्या प्रत्येक इंग्रजी शिक्षकाच्या कपाटात त्या दोघांचं ते लाल व्याकरणाचं पुस्तक आहे, माझ्याही आहे. त्यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होता आणि नंतर फ्रेंच फॉरिन लिजनच्या साहसकथा लिहून गाजला. व्याकरणात ते साहस उतरलं नाही, एवढीच माझी तक्रार. ‘लेट द डोअर बी शट’ असं आयुष्यात कुणी कुणाला म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. पॅसिव्ह जिथे खरोखर लागतो तिथे ‘बाय अमुक’ बहुतेक वेळा नसतोच. ‘माय सायकल वॉज स्टोलन.’ कुणी चोरली ते माहीत असतं तर वाक्य वेगळं झालं असतं. मी आता पॅसिव्ह शिकवायला वर्तमानपत्राचा स्थानिक बातम्यांचा कोपरा आणतो: रस्ता बंद करण्यात आला, तिघांना अटक करण्यात आली, पाणीपुरवठा खंडित करण्यात आला. मराठी बातमीदाराला ‘करण्यात आलं’ का लागतं, हे मुलांना चटकन कळतं. एकाने तर सांगितलं, “सर, नाव घ्यायचं नसतं तेव्हा.” यापेक्षा चांगली व्याख्या मला ठाऊक नाही.

डायरेक्ट-इनडायरेक्टमध्येही पाठ करून घेतात: ‘नाऊ’चं ‘देन’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’. का? मराठीत “बाबा म्हणाले की मी उद्या येतो” हे वाक्य चालतं. ‘की’नंतरही तो ‘मी’ बाबाच असतात. इंग्रजीत निरोप सांगणारा स्वतःच्या जागेवरून बोलतो, म्हणून ‘मी’चा ‘तो’ होतो. हा फरक दाखवायचा, दोन मुलांना वर्गाच्या दोन टोकांना उभं करून तिसऱ्याकडून निरोप पाठवायचे, संपलं. आज्ञार्थी वाक्यांत तर काही शिकवावंच लागत नाही. “सरांनी वह्या आणायला सांगितल्यात” असं मुलं घरी सांगतातच. ‘टोल्ड अस टू ब्रिंग’ची रचना हीच आहे.

माझ्यावर आक्षेप येतात. पहिला म्हणजे, मराठीला दार उघडलं की ती अख्खी तासिका खाऊन टाकते. हा आक्षेप खरा आहे. मी स्वतः घसरलोय. म्हणून मी मराठी फक्त कोडं उलगडायला ठेवतो, सराव इंग्रजीत. एक तंत्र या कामाला फार उपयोगी पडतं. इंग्रजीत त्याला डिक्टोग्लॉस म्हणतात. चार-पाच वाक्यांचा मजकूर नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. मुलांनी सापडतील ते शब्द टिपायचे आणि मग जोडीने मजकूर पुन्हा उभा करायचा. वाद कुठल्या भाषेत घालायचा ते त्यांनी ठरवावं, कागदावर इंग्रजी हवं. ‘अरे, सरांनी हॅज म्हटलं होतं, हॅड नाही’ यावर दोन पोरं हमरीतुमरीवर आलेली बघणं हे मोठं सुख आहे. याला प्रोजेक्टर लागत नाही, साउंड सिस्टीम लागत नाही, पन्नास मुलांतही चालतं. एसटीच्या वेळापत्रकावर प्रभूंसारखे प्रश्न काढले की तेही असंच रंगतं. सव्वासातची गाडी चुकली तर दहाच्या आत तालुक्याला पोचता येईल का? हे इंग्रजीत विचारा, बघा काय होतं. ‘इफ’ शिकवायला वेगळा तास लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या किंवा सातपुड्यात पावरी बोलणाऱ्या मुलांचं काय? त्यांच्यासाठी मराठी हीच शिकावी लागणारी भाषा. ‘गेलो होतो’चा माझा आरसा त्यांना त्यांचा चेहरा दाखवणार नाही. तिथल्या शिक्षकाला त्या भाषा यायला हव्यात, आणि बहुतेकांना त्या येत नाहीत. बदल्यांचं धोरण त्या शिकायला वेळही देत नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ‘म्हणून सगळीकडे फक्त इंग्रजी’ हे उत्तर नक्कीच नाही, कारण ते तिथेही चालत नाही.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो तोंडावर येतो: “सर, इंग्रजीच्या तासाला मराठी? मग इंग्लिश मीडियमलाच टाकलं असतं की.” या माणसाशी मी वाद घालत नाही. मुलाची वही काढून दाखवतो.

मागणी काही फार मोठी नाही. पाठ्यपुस्तकात मराठी माध्यमाच्या मुलांसाठी व्याकरणाची काही पानं दोन्ही भाषांत असावीत, जिथे ‘गेलो होतो’ आणि ‘हॅड गॉन’ शेजारी मांडून फरक दाखवलेला असेल. मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांचं एखादं प्रशिक्षण एकत्र व्हावं, निदान ‘कर्मणी’ या एका शब्दापुरतं तरी. आणि वाक्य उलटं-सुलटं करण्याचे प्रश्न कमी करून त्या जागी असा प्रश्न यावा, ज्याचं उत्तर देताना कोण कुणाला काय सांगतंय हे मुलाला कळलेलं असेल.

आठवीची सहामाही परीक्षा शाळेच्या हातात असते, म्हणून यंदा मी ‘चेंज द व्हॉइस’ काढून टाकलं. त्याऐवजी चार मराठी वाक्यं दिली, पहिलंच ‘काल मी बाजारात गेलो होतो’, आणि लिहिलं की मराठी न येणाऱ्या मित्राला हे इंग्रजीत कळवा. पेपर बघून एक सहकारी हसले. “हे तर भाषांतर पाठमालेचे दिवस परत आले,” म्हणाले. असतील. पेपर तपासले तेव्हा बऱ्याच जणांनी ‘वेन्ट’ लिहिलं होतं, काहींनी ‘हॅड गॉन’च. एका मुलीने ‘हॅड गॉन’ लिहून खोडलं होतं, ‘वेन्ट’ केलं होतं आणि समासात पेन्सिलने बारीक अक्षरात मराठीत लिहिलं होतं: ‘दुसरं काही घडलं नाही म्हणून.’ त्याला गुण कसे द्यायचे हे उत्तरसूचीत नव्हतं. मी अर्धा वाढवून दिला.